ग्लॉस्टरच्या ड्यूकचे लग्न वैध होते का, आणि त्याची मुले नेमकी किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लॉस्टरचा ड्यूक विल्यम हेन्री, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा धाकटा भाऊ, याच्या कुटुंबाचा तक्ता आपण तयार करीत आहात, आणि जितकी अधिक साधने पाहावीत तितका घोळ वाढत चालला आहे. त्याची जन्मतारीख एके ठिकाणी १४ नोव्हेंबर १७४३ दिली आहे, तर दुसरीकडे २५ नोव्हेंबर. लग्नाचे वर्ष कोणी १७६६ देतो, कोणी १७७२. मुले कोठे दोन, कोठे तीन, कोठे चार, आणि एका तक्त्यात तर चक्क सहा. या सगळ्यावरून आपण असा निष्कर्ष काढला आहे की १७७२ च्या राजविवाह कायद्याने हे लग्न बेकायदेशीर ठरले असावे, आणि आई हलक्या कुळातली असल्यामुळेच मुलाला ‘रॉयल हायनेस’ऐवजी नुसती ‘हायनेस’ ही उपाधी मिळाली असावी. हा निष्कर्ष बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

निष्कर्षाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. मात्र आपण पाहिलेल्या तक्त्यांमधला प्रत्येक आकडा कोठून आला ते सांगता येते, आणि ते कळले की घोळ बराचसा आपोआप सुटतो. मी बऱ्याच वर्षांपासून वंशावळी तपासण्याचे आणि चरित्रकोशांसाठी नोंदी लिहिण्याचे काम करतो. या कामात ज्या घराण्यांनी डोकेदुखी दिली, त्यांत बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली दिसली: एखादे नाते कायद्याने खरे आहे का, आणि ते घरातल्या कर्त्या माणसाने मान्य केले का, हे दोन वेगळे प्रश्न कोणीतरी एकाच रकान्यात कोंबलेले असतात. ग्लॉस्टरच्या ड्यूकच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आहे आणि दुसऱ्याचे ‘अर्धवट, तेही उशिरा’ असे आहे. तक्ते बनवणाऱ्यांपैकी काहींनी पहिले उत्तर नोंदले, काहींनी दुसरे.

जन्मतारखेचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चालू होते आणि ते युरोपातील बहुतेक देशांत रूढ झालेल्या ग्रेगोरियन पंचांगाच्या ११ दिवस मागे होते. विल्यम हेन्री लंडनमधील लेस्टर हाउसमध्ये जन्मला तो दिवस जुन्या पंचांगाने १४ नोव्हेंबर आणि नव्या पंचांगाने २५ नोव्हेंबर १७४३ होता. दोन्ही तारखा बरोबर आहेत. आपण संपूर्ण तक्त्यात एकच पंचांग पाळावे आणि ते कोणते, हे तळाशी लिहून ठेवावे, एवढेच. त्याचे वडील, युवराज फ्रेडरिक, मार्च १७५१ मध्ये वारले त्या तारखेलाही हाच नियम लागू होतो. तेथेही २० आणि ३१ असे दोन दिवस आढळतील.

नावांचा गोंधळ त्याहून त्रासदायक आहे. ‘ग्लॉस्टरचा ड्यूक’ हा किताब इंग्लंडच्या इतिहासात अनेकदा दिला गेला आहे. ॲन राणीचा मुलगा विल्यम, जो १७०० मध्ये अकराव्या वर्षी वारला, तोही ग्लॉस्टरचा ड्यूक म्हणूनच ओळखला जात असे. आजचे ग्लॉस्टरचे ड्यूक १९२८ मध्ये नव्याने निर्माण केलेल्या किताबाचे वारस आहेत, त्यांचा आपल्या विल्यम हेन्रीच्या वंशाशी सरळ संबंध नाही. आपल्या ड्यूकचा पूर्ण किताब ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर अँड एडिंबरो’ असा होता आणि तो नोव्हेंबर १७६४ मध्ये, त्याला एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, मिळाला. त्याच्यानंतर हा किताब मुलाकडे गेला, ज्याचे नाव विल्यम फ्रेडरिक. बाप आणि मुलगा दोघेही विल्यम, दोघेही ग्लॉस्टरचे ड्यूक, दोघेही पुढे फील्ड मार्शल. बापाच्या पत्नीचे नाव मरिया आणि मुलाच्या पत्नीचे मेरी. ‘डचेस ऑफ ग्लॉस्टर’ एवढाच मजकूर असलेले चित्र समोर आले, तर ते अठराव्या शतकातील चित्रकार रेनॉल्ड्सच्या काळातले असल्यास सासू समजावी, आणि छायाचित्र असेल तर सून, कारण तिसऱ्या जॉर्जच्या पंधरा मुलांपैकी छायाचित्र निघाले ते फक्त या मेरीचे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मरिया कोण होती, हे नीट कळल्याशिवाय राजाचा राग समजत नाही. ती पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल याच्या मुलाची, सर एडवर्ड वॉल्पोलची, मुलगी. पण तिची आई डोरोथी क्लेमेंट ही टोप्या व कपडे विकणाऱ्या दुकानात काम करणारी साध्या घरची स्त्री होती आणि सर एडवर्डने तिच्याशी कधीही लग्न केले नाही. तरीही त्याने मुलींना आपल्या घरात, आपल्या नावाने वाढवले आणि त्यांची लग्ने चांगल्या घराण्यांत करून दिली. मरियाचे पहिले लग्न १७५९ मध्ये जेम्स, दुसरा अर्ल वॉल्डग्रेव्ह याच्याशी झाले. तो तिच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठा होता आणि, हे येथे नमूद करण्याजोगे आहे, तिसरा जॉर्ज लहान असताना काही वर्षे त्याच्या शिक्षणाची देखरेख याच अर्लकडे होती. विद्यार्थ्याला तो फारसा आवडला नव्हता. अर्ल १७६३ मध्ये देवीच्या रोगाने गेला. मागे राहिली सव्वीस वर्षांची, रूपाने लंडनभर नावाजलेली विधवा आणि तिच्या तीन लहान मुली.

तरुण ड्यूक तिच्याकडे ओढला गेला आणि ६ सप्टेंबर १७६६ रोजी लंडनच्या पॅल मॅलमधील तिच्या घरात, दिवाणखान्यात, त्यांचे लग्न लागले. लग्न तिच्या खाजगी धर्मोपदेशकाने लावले. साक्षीदार एकही नव्हता. ड्यूक बावीस वर्षांचा होता, ती तीस वर्षांची.

येथेच बहुतेक वाचक अडखळतात, आणि अडखळणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा झाला होता आणि २५ मार्च १७५४ पासून तो अमलात होता. त्यानुसार लग्नाची चर्चमध्ये आगाऊ घोषणा किंवा परवाना हवा, लग्न चर्चमध्ये लागायला हवे, साक्षीदार हवेत, नोंदवहीत सह्या हव्यात. या कायद्याने पाहिले तर पॅल मॅलच्या दिवाणखान्यातले लग्न सरळसरळ निरर्थक ठरते. मात्र त्याच कायद्यात एक कलम असे होते की राजघराण्यातील व्यक्तींच्या विवाहांना तो लागू होणार नाही. राजघराण्याला सामान्य प्रजेच्या नियमांत बांधू नये, एवढाच त्या कलमाचा हेतू असावा. पण त्याचा परिणाम असा झाला की राजाच्या भावासाठी जुनाच नियम शिल्लक राहिला. त्या जुन्या नियमाप्रमाणे दीक्षित धर्मोपदेशकासमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार केला की लग्न पुरे होत असे. चर्चची इमारत, परवाना आणि साक्षीदार नसणे हा दोष होता, पण त्याने लग्न रद्द होत नसे. म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याने जे लग्न केले असते तर ते लग्नच ठरले नसते, ते ड्यूकने केले म्हणून टिकले. आपल्याला ज्या तक्त्यात हे लग्न ‘अवैध’ म्हणून दाखवलेले सापडले, त्याच्या कर्त्याने बहुधा १७५३ चा कायदा वाचला आणि हे अपवादाचे कलम वाचले नाही.

सहा वर्षे हे लग्न उघड झाले नाही. दरबारात कुजबूज पुष्कळ होती. मरिया ड्यूकसोबत सर्वत्र दिसत असे आणि तिचा काका होरेस वॉल्पोल, ज्याची पत्रे या काळाचे मोठे साधन आहेत, त्यालाही खात्रीने काही माहीत नव्हते. ड्यूकला बोलते केले ते त्याच्या धाकट्या भावाच्या पराक्रमांनी. कंबरलँडचा ड्यूक हेन्री याच्यावर लॉर्ड ग्रोव्हनरने पत्नीशी व्यभिचार केल्याबद्दल दावा लावला होता आणि १७७० मध्ये न्यायालयाने त्याला १०,००० पौंडांची भरपाई द्यायला लावली. तेवढ्यावर न थांबता त्याने ऑक्टोबर १७७१ मध्ये ॲन हॉर्टन नावाच्या विधवेशी लग्न केले आणि महिनाभराने ते राजाला सांगून टाकले. राजाने त्याला दरबारबंदी केली. त्याच सुमारास ग्लॉस्टरचा ड्यूक इटलीत लिव्होर्नो येथे मरणाच्या दारात होता. जानेवारी १७७२ मध्ये त्यांची धाकटी बहीण कॅरोलिन मटिल्डा, डेन्मार्कची राणी, स्ट्रुएन्से या दरबारी वैद्याशी असलेल्या संबंधांवरून कोपनहेगनला अटकेत पडली. ८ फेब्रुवारीला त्यांची आई वारली. या काही महिन्यांच्या पार्श्वभूमीवर राजाने संसदेकडे राजविवाहांचे विधेयक पाठवले आणि कडव्या विरोधाला तोंड देत ते मार्चअखेर मंजूर करून घेतले. पोटतिडकीने केलेला हा कायदा पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे चालला. २०१५ मध्ये तो हटला आणि राजाच्या संमतीची अट वारसाक्रमातील पहिल्या सहा जणांपुरती उरली.

कायद्याचे सार असे होते: दुसऱ्या जॉर्जच्या वंशजांपैकी, परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतती वगळून, कोणीही राजाच्या संमतीशिवाय लग्न केले तर ते रद्दबातल. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, सूचना देऊन वर्षभर थांबण्याची वाट होती, पण त्या काळात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी नापसंती नोंदवली नाही तरच. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की हा कायदा पुढच्या लग्नांना लागू होता, मागच्यांना नव्हे. ग्लॉस्टरचे १७६६ चे आणि कंबरलँडचे १७७१ चे, ही दोन्ही लग्ने त्याच्या कचाट्यातून सुटली. म्हणजे ज्या भावांमुळे कायदा झाला, त्यांच्यावरच त्याचा अंमल झाला नाही.

तारखेचा हा फरक किती निर्णायक होता ते पाहायचे असेल, तर पुढच्या पिढीतील ससेक्सच्या ड्यूकचे प्रकरण शेजारी ठेवून पाहावे. तिसऱ्या जॉर्जचा हा मुलगा, ऑगस्टस, याने १७९३ मध्ये लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी आधी रोममध्ये आणि मग लंडनच्या चर्चमध्ये रीतसर लग्न केले. वधू अर्लची औरस मुलगी, आणि लग्न एकदा सोडून दोनदा लागलेले. तरीही राजाची संमती नव्हती म्हणून १७९४ मध्ये ते रद्द ठरवले गेले, आणि त्यांच्या मुलाने बापाच्या किताबावर सांगितलेला दावा १८४४ मध्ये फेटाळला गेला. एकीकडे साक्षीदाराविना दिवाणखान्यात लागलेले लग्न वैध, आणि दुसरीकडे चर्चमध्ये लागलेले लग्न अवैध; मध्ये फक्त १७७२ हे वर्ष.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्लॉस्टरच्या ड्यूकने राजाला आपले लग्न कळवले, कारण मरियाला दिवस गेले होते आणि आता गप्प राहणे म्हणजे होणाऱ्या मुलाला अनौरस ठरवून घेणे होते. आपल्या तक्त्यातील ‘१७७२’ हे लग्नाचे वर्ष येथून आले आहे. ते कबुलीचे वर्ष आहे. राजाला हा घाव कंबरलँडच्या प्रकरणापेक्षा खोल लागला. या भावावर आपण भावापेक्षा मुलासारखी माया केली, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. तो स्वतः लग्न नाकारू शकत नव्हता, पण पुरावा मागू शकत होता, आणि तो त्याने मागितला. मे १७७३ मध्ये, प्रसूती काही दिवसांवर आली असताना, राजाने नेमलेल्या मंडळींनी ड्यूक आणि डचेस यांच्या शपथेवर जबान्या घेतल्या. नोंदवही नाही, परवाना नाही, प्रत्यक्ष साक्षीदार नाही. दोघांच्या शब्दावर आणि आजूबाजूच्या परिस्थितीवरच निर्णय करायचा होता. लग्न झाले असे मान्य करण्यात आले. २९ मे रोजी मुलगी सोफिया मटिल्डा जन्मली ती राजघराण्याची औरस कन्या म्हणून.

येथे कायद्याचा प्रश्न संपतो आणि मान्यतेचा सुरू होतो. राजाने लग्न कायदेशीर असल्याचे स्वीकारले, पण डचेसला दरबारात कधीही बोलावले नाही, आणि जे तिच्याकडे जातील त्यांना दरबाराचे दार बंद, अशी समज देण्यात आली. पतीचा दर्जा मात्र कायद्याने तिला मिळालाच होता. ती डचेस होती, राजाला ते काढून घेता येत नव्हते. अशा कोंडीत इंग्लंडमध्ये राहणे अवघड आणि खर्चिकही होते, म्हणून १७७५ मध्ये कुटुंब युरोपात निघून गेले.

याच प्रवासात, ८ ऑगस्ट १७७५ रोजी, मेत्झ येथे फ्रेंच सेनाधिकारी काउंट द ब्रॉय याच्याकडे ड्यूक जेवायला होता आणि अमेरिकेतील वसाहतवाल्यांची बाजू त्याने सहानुभूतीने मांडली. भावाच्या सरकारवर राग काढायला निमित्त चांगले होते. जेवणाच्या त्या मेजावर अठरा वर्षेही पूर्ण न झालेला एक फ्रेंच अधिकारी बसला होता, आणि अमेरिकेला जाण्याचा विचार आपल्या मनात त्या संध्याकाळी रुजला असे त्याने पुढे सांगितले. त्याचे नाव लाफायेत, जो पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वसाहतवाल्यांच्या बाजूने लढला. इंग्लंडच्या राजाच्या भावाचा त्या युद्धातील हा एवढाच हातभार, पण चरित्रकाराने तो गाळू नये.

मुलगा विल्यम फ्रेडरिक १५ जानेवारी १७७६ रोजी रोममध्ये जन्मला. यानंतर ताण हळूहळू कमी झाला. संसदेने १७७८ मध्ये राजाच्या मुलांसाठी वार्षिक नेमणुका ठरवल्या तेव्हा ग्लॉस्टरच्या या दोन मुलांसाठीही वर्षाला १२,००० पौंडांची तरतूद झाली, आणि हा कागद मला कोणत्याही दरबारी गप्पांपेक्षा मोलाचा वाटतो; कारण ज्या मुलांना राज्याच्या तिजोरीतून राजघराण्याचे सदस्य म्हणून नेमणूक मिळते, त्यांच्या औरसपणाबद्दल सरकारच्या मनात शंका उरलेली नसते. १७८० च्या सुमारास दोघे भाऊ पुन्हा बोलू लागले. ड्यूकने वेमथच्या समुद्रकिनारी बांधलेले घर १७८९ मध्ये आजारातून उठलेल्या राजाला हवापालटासाठी मिळाले, एवढी जवळीक पुन्हा आली. डचेससाठी मात्र दरबाराचे दार शेवटपर्यंत उघडले नाही. ड्यूक २५ ऑगस्ट १८०५ रोजी लंडनमध्ये वारला, ती दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १८०७ रोजी.

आता उपाधीबद्दल. विल्यम फ्रेडरिक जन्मापासून ‘हायनेस’ होता, ‘रॉयल हायनेस’ नव्हे, हे खरे; पण त्याचे कारण आईचे कूळ नाही. त्या काळच्या रिवाजात ‘रॉयल हायनेस’ ही उपाधी राज्यकर्त्याच्या मुलांना आणि मुलांकडून झालेल्या नातवंडांना मिळत असे. विल्यम हेन्री हा दुसऱ्या जॉर्जचा नातू, म्हणून ‘रॉयल हायनेस’. त्याची मुले पणतवंडे, म्हणून ‘हायनेस’. एखाद्या जर्मन राजकन्येच्या पोटी ती जन्मली असती तरी हिशेब तोच राहिला असता. पुढे जुलै १८१६ मध्ये विल्यम फ्रेडरिकचे लग्न त्याची सख्खी चुलत बहीण, तिसऱ्या जॉर्जची मुलगी मेरी, हिच्याशी झाले तेव्हा त्याला आणि त्याच्या बहिणीलाही ‘रॉयल हायनेस’ केले गेले, जेणेकरून नवऱ्याचा दर्जा बायकोपेक्षा खाली राहू नये. वधूवर दोघेही त्या वेळी चाळीस वर्षांचे होते. ज्या घरात सासूला पाऊल ठेवू दिले नव्हते, त्याच घराची मुलगी तिची सून झाली. मरिया मात्र हे पाहायला हयात नव्हती.

विल्यम फ्रेडरिकला दरबारी विनोदात मठ्ठ ठरवणारे टोपणनाव दिले गेले, आणि आजही त्याची ओळख बहुतेक ठिकाणी त्या टोपणनावापुरती उरते. मला हे अन्यायाचे वाटते. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत तो मनापासून होता, १८०७ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन इन्स्टिट्यूशनचा अध्यक्ष होता, आणि ज्या घराण्यातील त्याचा चुलत भाऊ क्लॅरेन्सचा ड्यूक लॉर्ड्स सभागृहात गुलामांच्या व्यापाराची तरफदारी करीत होता, त्याच घराण्यात राहून त्याने ही बाजू घेतली. १८११ पासून मरेपर्यंत तो केंब्रिज विद्यापीठाचा कुलपती होता. ३० नोव्हेंबर १८३४ रोजी तो निपुत्रिक वारला आणि किताब संपला. सोफिया मटिल्डा अविवाहित राहिली, ग्रीनिच पार्कची रेंजर, म्हणजे त्या राजउद्यानाची मानद देखरेखकर्ती, म्हणून ब्लॅकहीथला राहत होती आणि तेथेच १८४४ मध्ये गेली.

‘दोन की तीन’ हा फरक कॅरोलिन ऑगस्टा मरिया हिच्यामुळे आहे. ती २४ जून १७७४ रोजी जन्मली आणि १४ मार्च १७७५ रोजी, नऊ महिन्यांचीही होण्याआधी वारली. तिला देवीची टोचणी करण्यात आली होती आणि त्यातूनच तिला रोग झाला. जेनरची गायीच्या देवीची लस अजून वीस वर्षे दूर होती. त्या काळच्या टोचणीत खऱ्या देवीच्याच फोडातला अंश निरोगी माणसाला देत, बहुतेक जण सौम्य आजारावर निभावत, काही दगावत. मरियाचा पहिला नवरा याच रोगाने गेला होता, हे लक्षात घेतले तर मुलीला टोचून घेण्याची घाई समजू शकते. ज्या तक्त्यांत फक्त जगलेली मुले घेतात त्यांत ही बालिका गळते. आपण तिला गाळू नये.

‘सहा’ हा आकडा वॉल्डग्रेव्ह मुलींचा आहे: लॉरा, शार्लट मरिया आणि ॲना होरेशिया. या ड्यूकच्या सावत्र मुली, त्याच्या रक्ताच्या नव्हेत. घर मात्र त्यांचेही होते. जोशुआ रेनॉल्ड्सने १७८० च्या सुमारास काढलेले त्यांचे एकत्र चित्र सध्या एडिंबरोला आहे. काका आजोबा होरेस वॉल्पोलने ते काढून घेतले होते. पांढऱ्या पोशाखातल्या तिघी एका मेजाभोवती बसल्या आहेत. एकीने रेशमाची लड दोन्ही हातांवर धरली आहे, दुसरी तो धागा गुंडाळून घेते आहे आणि तिसरी चौकटीवर ताणलेल्या कापडावर मान खाली घालून भरतकाम करते आहे. तिघींपैकी कोणाचेही त्या वेळी लग्न झाले नव्हते, आणि हे चित्र त्या विवाहयोग्य असल्याची सभ्य जाहिरात होती, असे मानण्यास जागा आहे. लग्ने पुढे उत्तम झाली: लॉरा चुलतभावाशी लग्न करून पुन्हा वॉल्डग्रेव्हची काउंटेस झाली, शार्लटचा नवरा ग्राफ्टनचा ड्यूक झाला, होरेशिया लॉर्ड ह्यू सीमोर या आरमारी अधिकाऱ्याला दिली.

तेव्हा तक्त्यात कोणाला घ्यावे, हे तक्ता कशासाठी आहे यावर अवलंबून आहे, आणि याचे सर्वांना लागू होईल असे एक उत्तर मी देऊ शकत नाही. वारसाक्रम दाखवायचा असेल तर विल्यम हेन्रीखाली तीन नावे येतील: सोफिया मटिल्डा, कॅरोलिन आणि विल्यम फ्रेडरिक. ते घर कसे नांदत होते हे दाखवायचे असेल तर मरियाच्या पहिल्या लग्नापासून वेगळी रेघ काढून तीन सावत्र मुली जोडाव्यात. त्या ड्यूकच्या नावाखाली थेट लटकवू नयेत, कारण सहाचा घोळ तसाच झाला आहे. लग्नापुढे ६ सप्टेंबर १७६६ हीच तारीख द्यावी, आणि टीपेत १७७२ ची कबुली व १७७३ ची चौकशी नोंदवावी.

कंबरलँडचा ड्यूक निपुत्रिक होता, तेही लिहून ठेवावे, कारण त्याच्या नावावर एक बनावट शाखा फिरते. ऑलिव्हिया सेरेस नावाच्या बाईने आपण त्याची औरस मुलगी असल्याचा दावा केला, सह्यांचे ढीगभर कागद पुढे केले, आणि तिच्या मुलीने तो दावा १८६६ मध्ये न्यायालयापर्यंत नेला, जेथे ते कागद खोटे ठरले. गुप्त लग्नांच्या घराण्यात असे दावेदार नेहमीच उगवतात. कागदावर सह्या जितक्या मोठ्या माणसांच्या आणि जितक्या जास्त, तितका माझा संशय वाढतो. ग्लॉस्टरच्या खऱ्या लग्नाला एकही कागद नव्हता, हे विसरू नये.

राहिली चौथी. रक्ताचे नाते दाखवणाऱ्या तक्त्यात तिला घ्यावेच लागेल. डचेसच्या सेवेतील मानकरी स्त्री, लेडी अल्मेरिया कार्पेंटर, ही ड्यूकची उघड प्रेयसी होती, आणि ज्या डचेसने सहा वर्षे स्वतःचे नाते लपवले तिला हे नाते आपल्याच घरात पाहावे लागले. अल्मेरियापासून ड्यूकला १७८२ मध्ये मुलगी झाली असे मानले जाते. ती लुईसा मरिया ला कोस्ट या नावाने दुसऱ्या कुटुंबात वाढली. तिच्या नावापुढे तुटक रेघ काढावी आणि आईचे नाव अवश्य लिहावे, म्हणजे कोणी तिला मरियाची मुलगी समजणार नाही.

ही रेघ महत्त्वाची आहे, कारण औरस तिन्ही मुलांना संतती नसल्यामुळे ड्यूकचे आजचे वंशज याच एका शाखेत सापडतात. लुईसाने गॉडफ्रे मॅकडोनल्ड याच्याशी, जो पुढे तिसरा लॉर्ड मॅकडोनल्ड झाला, संसार मांडला, पण इंग्लंडमधल्या चर्चमध्ये त्यांचे विधिपूर्वक लग्न १८०३ मध्ये झाले आणि थोरला मुलगा १८०० मध्येच जन्मलेला होता. इंग्लिश कायद्याने तो अनौरस समजला गेला, लॉर्डपद धाकट्या भावाकडे गेले, आणि थोरल्याला इंग्लंडमधील बॉसव्हिल घराण्याची जमीनजुमला मिळाली. शंभराहून अधिक वर्षांनी, १९१० मध्ये, त्याच्या नातवाने प्रकरण एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनसमोर, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयासमोर, नेले. तेथील न्यायाधीशांनी स्कॉटलंडच्या विवाहविषयक कायद्याने पाहिले आणि आजोबा औरस असल्याचे ठरवले. मॅकडोनल्डांचे बॅरोनेटपद, म्हणजे लॉर्डपदाखालचा वंशपरंपरागत किताब, त्यामुळे थोरल्या शाखेकडे आले, लॉर्डपद मात्र धाकट्या शाखेकडेच राहिले. आपल्या तक्त्यात या ठिकाणी दोन भावांखाली दोन वेगळे किताब दिसतील. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये.